शेवंतीचे खुंट उन्हाळ्यांत कसे राखावे

शरदृतूंत फुलणाऱ्या झाडांमध्यें घरच्या पूजेस व बाजारास सारखेंच उपयोगी पडणारें शेवंतीसारखें दुसरें झाड आपल्या सोलापूर जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. तुळजापूरचें नवरात्र, दसरा, दिवाळी, पंढरपूरची कार्तिकी, मार्गशीर्षांतील गुरुवार आणि शेवटीं संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, अशी फुलांची मागणी ओळीनें चार महिने येत राहते. विहिरीखालीं दोन-चार गुंठे ज्यास भिजवितां येतात त्या शेतकऱ्यास ह्या मागणींतून हंगामाच्या ऐन अडचणीच्या वेळीं रोख पैका हातीं येतो. असें असूनहि पुष्कळांचा शेवंतीचा मळा एक-दोन वर्षांवर टिकत नाहीं, व दर सालीं रोपें विकत आणावीं लागतात. याचें कारण काय व त्यावर उपाय कोणता, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

काटक झाड कोणतें?

विलायती बागांच्या पुस्तकांत शरदांतील फुलांमध्यें बहुवर्षायु ॲस्टरास मोठा मान दिलेला असतो. २९ सप्टेंबरास तिकडे संत मायकेलचा सण येतो. त्या सुमारास हीं झाडें फुलतात म्हणून त्यांस मायकेलमस डेझी असें नांव पडलें. तीं मूळचीं बहुतेक उत्तर अमेरिकेचीं. त्यांस काटक म्हणतात तें अशाकरितां कीं, हिवाळ्यांत जमीन गोठून वरचा भाग मरून गेला, तरी जमिनींतील गड्डा जिवंत राहतो व वसंतांत पुन्हां फुटतो.

आपल्याकडे जमीन गोठत नाहीं, ती तापते. चैत्र-वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो, विहिरी तळास लागतात आणि काळ्या रानास भेगा पडतात. तेव्हां थंडीच्या देशांतील काटकपणाची कसोटी येथें लागू करणें व्यर्थ होय. येथें काटक तेंच, जें उन्हाळा काढील. मोहोळ येथें निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी इतकीं वर्षें टिकली ती याच न्यायानें. ती येथल्याच मालदांडींतून, येथल्याच रब्बीच्या कसोटीवर निवडलेली होती. फुलझाडांसहि हाच नियम लावावा.

ॲस्टर, शेवंती, झेंडू, सूर्यफूल व आपली करडई हीं सर्व एकाच कुळांतील आहेत. आपल्या बाजारांत ॲस्टर म्हणून जें फूल येतें तें बहुधा चिनी ॲस्टर होय. तें एका हंगामाचें झाड असून बियांवरच करावें लागतें. पुण्याच्या गणेशखिंड येथील संशोधन केंद्रांतून निघालेले फुले गणेश पांढरा, गुलाबी, जांभळा इत्यादि त्याचे वाण लावण्यास चांगले आहेत. मात्र त्याचें बीं लवकर निर्जीव होत असल्यामुळें तें ताजेंच घ्यावें, आणि मर रोग वाढूं नये म्हणून लागोपाठ त्याच जागीं तें पीक करूं नये. एकदां लावून पुढें वर्षानुवर्ष चालविण्याजोगें बहुवर्षायु झाड हवें असेल, तर आपल्या हवेंत शेवंतीच पुढें येते.

फुलण्याची वेळ कोण ठरवितो?

शेवंती ही लहान दिवसांची वनस्पति आहे. दिवस व रात्र यांच्या लांबीवर झाडांचें फुलणें अवलंबून असतें, हें अमेरिकेंतील गार्नर व ॲलर्ड या शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं सिद्ध केलें. सोलापुरास जूनमध्यें दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो व डिसेंबरांत सुमारें अकरा तासांचा. दिवस लहान होऊं लागला कीं शेवंती पालवी टाकण्याचें आटोपून कळी धरूं लागते.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, लावणी महिनाभर उशिरां झाली म्हणून फूल महिनाभर उशिरां येतें असें नव्हे. फूल बहुतेक आपल्याच वेळेस येतें, परंतु झाड लहान राहतें व फुलांची संख्या घटते. म्हणून लवकर लावणें म्हणजे अधिक फांद्या मिळविणें होय. दुसरी ही कीं, वाफ्यावर रात्रीं रस्त्यावरील दिव्याचा वा गोठ्यांतील दिव्याचा उजेड पडत असेल, तर तेथील झाडें कळी धरण्यास मागें पडतात. सणाचा बाजार साधावयाचा असल्यास अशी जागा टाळावी.

जमीन

मंगळवेढ्याकडील भारी काळी जमीन रब्बी ज्वारीस सोन्यासारखी. पण शेवंतीस ती धोक्याची. आपल्याकडे सर्वांत मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरांत होतो, म्हणजे झाड कळीवर येण्याच्या वेळींच. त्या वेळीं पाणी मुळांशीं तुंबलें, तर मुळें कुजून उभें झाड मान टाकतें. याकरितां मध्यम, निचऱ्याची, थोडी मुरमाड जमीन पसंत करावी. काळें रानच हातीं असेल तर दोन फुटांवर उंच सऱ्या काढून वरंब्याच्या बगलेस लावावें, व शेवटीं पाणी निघून जाण्यास चर ठेवावा. चुनखडीच्या रानांत पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेथें शेणखत अधिक द्यावें, आणि खारट विहिरीचें पाणी शक्य तों टाळावें.

खुंट राखणें

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. पौष-माघांत फूल संपलें म्हणजे बहुतेक शेतकरी मळ्याकडे पाठ फिरवितात. गुरें त्यांत शिरतात, पाणी बंद होतें आणि वैशाखापर्यंत खुंट वाळून जातात. पुढें मृग जवळ आला कीं रोपांसाठीं धांवाधांव सुरू होते. तेव्हां मिळेल तें रोप, सांगितलेल्या भावानें घ्यावें लागतें. वाण कोणता याची खात्री नसते, आणि दुसऱ्याच्या मळ्यांतील रोग आपल्या रानांत येतो तो निराळाच. नुकसान एवढेंच कीं काय, तर तेंहि नाहीं. रोप उशिरां मिळाल्यानें झाड लहान राहतें व सणाच्या बाजारांत टोपली अर्धी भरते.

हें टाळण्यास सबंध मळा जगविण्याची गरज नाहीं. हिशेब पाहावा. फुटाफुटावर लाविल्यास एका गुंठ्यास सुमारें १,००० रोपें लागतात. एका खुंटापासून आठ चांगल्या काशा धरल्या, तर १२५ खुंट पुरतात. फुटाच्या अंतरानें ते ५ फूट रुंद व २५ फूट लांब अशा एका वाफ्यांत मावतात. ऐन मे महिन्यांत उघड्या वाफ्यांतून अदमासें १०० ते १२० लिटर पाणी रोज उडून जाईल. वर विरळ सावली व खालीं उसाच्या पाचटाचें किंवा भुसाचें आच्छादन असल्यास त्याच्या निम्म्या पाण्यांत भागतें. म्हणजे दिवसास चार-पांच घागरी. पिण्यास पाणी आहे त्या घरास इतकें पाणी बहुधा काढतां येतें, आणि तेवढ्यावर पुढील सालचा एक गुंठा राखला जातो.

कृति अशी. हंगाम चालू असतांनाच सरस झाडांस खूण बांधावी: ज्यांस फूल भरदार व पुष्कळ आलें, पानांवर काळे ठिपके नाहींत, मर नाहीं, अशींच निवडावीं. फूल संपतांच तीं जमिनीपासून चार ते सहा बोटांवर छाटावीं, मातीसह उचलून विहिरीजवळच्या वाफ्यांत लावावीं, आणि कुजलेलें खत द्यावें. दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा. पाणी सायंकाळीं बुडाशीं द्यावें; पानांवर शिंपडूं नये, कारण ओलसर पानांवर ठिपक्यांचा रोग लवकर पसरतो. मावा दिसल्यास तीं शेंडे तत्काळ खुडून नष्ट करावीं.

लावणी व निगा

पाण्याची सोय असेल त्यानें एप्रिल-मेमध्यें, नसेल त्यानें मृगाच्या आरंभीं काशा अलग करून लावाव्या. काशी बोटभर जाडीची नको; कोंवळी, मुळ्या फुटलेली, बाजूनें नवी उगवलेली घ्यावी. जुन्या लांकडी खोडाचा भाग टाकून द्यावा. तोच गड्डा न फोडतां तीन-चार वर्षें तसाच ठेवला, तर मध्यभाग मरतो व फूल बारीक होतें.

गुंठ्यास सुमारें २५० किलो शेणखत पुरतें. बागायती शेवंतीस हेक्टरीं ३०० किलो नत्र, २०० किलो स्फुरद व २०० किलो पालाश असें प्रमाण सांगतात. तें गुंठ्यास अनुक्रमें ३, २ व २ किलो पडतें. अर्धें नत्र लावणीस व अर्धें दीड-दोन महिन्यांनीं द्यावें. लावणीनंतर चौथ्या आठवड्यांत शेंडा खुडावा म्हणजे बगलेच्या फांद्या फुटतात. मात्र श्रावण संपल्यावर खुडूं नये, नाहींतर कळीच हातची जाईल.

वाण

राजा, झिप्री, पिवळी रेवडी, पांढरी रेवडी हे वाण आपल्या प्रांतांत परिचित आहेत. कोणता घ्यावा हें फुलाच्या रूपावरून ठरवूं नये. आपल्या बाजाराचा मुख्य सण कोणता तें आधीं ठरवावें, आणि शेजारच्या गांवीं त्या दिवसांत कोणता वाण भरांत असतो तें प्रत्यक्ष पाहून त्याच्या काशा बोलून ठेवाव्या. सबंध रान एकाच वाणाखालीं घालूं नये. एक लवकर येणारा व एक उशिरां येणारा असे दोन ठेवल्यास एका सणाचा भाव पडला तरी दुसरा हात देतो. नवा वाण पहिल्या वर्षीं पांच-पन्नास झाडांवरच अजमावावा. त्यानें आपल्या रानांत एक सप्टेंबरचा पाऊस व एक वैशाख काढला, तरच तो वाढवावा.

या सालीं फूल संपण्यापूर्वींच प्रत्येक बागायतदारानें आपल्या मळ्यांतील सव्वाशें झाडांस सुतळीची खूण बांधावी व त्यांच्यासाठीं विहिरीजवळ पांच बाय पंचवीस फुटांची जागा मोकळी ठेवावी, एवढीच आमची वाचकांस सूचना आहे.