निवडणुकीचा निकाल कसा वाचायचा? आपलं हर्टफर्डशर, २०२४

पातळी ५ : वाचन आणि चर्चा

वाचण्याआधी

१. तुमच्या घरात शेवटचं मतदान कोणी केलं? कुठे केलं?
२. 'पानिपत' हा शब्द तुम्ही कधी ऐकला आहे का?

पाठ



२०२४ च्या उन्हाळ्यात वॉटफर्डच्या आमच्या घरात दोन निवडणुकांचे निकाल पाहिले गेले. ४ जूनला भारताच्या लोकसभेचा निकाल लागला. त्या दिवशी माझे बाबा साताऱ्याहून दर अर्ध्या तासाने मेसेज पाठवत होते. बरोबर एका महिन्याने, ४ जुलैला, इथे ब्रिटनमध्ये मतदान झालं. मतमोजणी त्याच रात्री झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. "अरे, इकडे पेपरात आलंय की हुजूर पक्षाचं पानिपत झालं. तुमच्या जिल्ह्यात काय झालं?"

मी म्हणालो, "दहाच्या तीन जागा झाल्या." बाबा म्हणाले, "म्हणजे पानिपतच की!"

पण ते खरंच तसं होतं का? चला, बघू या.

आधी दोन शब्द. मराठी वर्तमानपत्रं कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला 'हुजूर पक्ष' म्हणतात आणि लेबर पक्षाला 'मजूर पक्ष' म्हणतात. 'हुजूर' म्हणजे साहेब, सरकार. 'मजूर' म्हणजे कष्टाचं काम करणारा माणूस. दोन्ही शब्दांचं यमक जुळतं, त्यामुळे ते लक्षात ठेवायला सोपे आहेत.

आता आपला जिल्हा. काउंटी म्हणजे साधारण महाराष्ट्रातल्या जिल्ह्यासारखा भाग. हर्टफर्डशरमध्ये वॉटफर्ड, स्टीव्हनेज, हेमेल हेम्पस्टेड अशी मोठी गावं आहेत. पण ईशान्येला रॉयस्टन आणि बंटिंगफर्डच्या बाजूला गेलात, तर शेतंच शेतं दिसतात. मध्येच एखादं छोटं खेडं, एक चर्च, एक पब. हा भाग अनेक वर्षं हुजूर पक्षाचा बालेकिल्ला होता.

२०१९ मध्ये या जिल्ह्यात ११ मतदारसंघ होते. त्यातले १० हुजूर पक्षाने जिंकले. फक्त सेंट ऑल्बन्समध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या डेझी कूपर निवडून आल्या. नंतर मतदारसंघांच्या सीमा बदलल्या आणि २०२४ मध्ये १२ मतदारसंघ झाले. निकाल असा लागला :

मजूर पक्ष : ७ (वॉटफर्ड, हेमेल हेम्पस्टेड, स्टीव्हनेज, वेल्विन हॅटफील्ड, हिचिन, हर्टफर्ड आणि स्टॉर्टफर्ड, ईशान्य हर्टफर्डशर)
हुजूर पक्ष : ३ (हर्ट्समिअर, ब्रॉक्सबर्न, नैर्ऋत्य हर्टफर्डशर)
लिबरल डेमोक्रॅट : २ (सेंट ऑल्बन्स, हार्पेंडन आणि बर्कमस्टेड)

वॉटफर्डचा निकाल फार आश्चर्याचा नव्हता. १९७४ पासून एक गंमत चालू आहे. वॉटफर्ड ज्या पक्षाचा खासदार निवडतं, त्याच पक्षाचा पंतप्रधान होतो! खरा धक्का खेड्यांमध्ये बसला. ईशान्य हर्टफर्डशरमध्ये आधी सर ऑलिव्हर हील्ड हे हुजूर पक्षाचे खासदार होते. ते १९९२ पासून संसदेत होते. २०१९ मध्ये ते १८ हजारांपेक्षा जास्त मतांनी जिंकले होते. २०२४ मध्ये ते स्वतः उभे नव्हते. मजूर पक्षाच्या ख्रिस हिंचलिफ यांनी हुजूर पक्षाला हरवलं, पण फरक दोन हजारांपेक्षाही कमी होता. आणि तिथे तिसऱ्या एका पक्षाला, रिफॉर्म पक्षाला, या फरकापेक्षा कितीतरी जास्त मतं मिळाली होती.

म्हणजे त्या खेड्यांमधले सगळे लोक एका रात्रीत मजूर पक्षाचे झाले का? नाही. हुजूर पक्षाला मत देणारे हजारो लोक तिथे अजूनही होते. पण आधीची काही मतं गेली, आणि ती वेगवेगळ्या दिशांना गेली. इथला नियम भारतासारखाच आहे : ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी. अर्ध्याहून जास्त मतं मिळाली पाहिजेत असं नाही. दुसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराला एक मत कमी असो किंवा वीस हजार कमी असोत, त्याच्या हातात काहीच येत नाही.

म्हणून जागांचं गणित आणि मतांचं गणित वेगळं असतं. संपूर्ण ब्रिटनचे आकडे पाहा :

मजूर पक्ष : २०१९ मध्ये ३२.१ टक्के मतं, २०२ जागा. २०२४ मध्ये ३३.७ टक्के मतं, ४११ जागा.
हुजूर पक्ष : २०१९ मध्ये ४३.६ टक्के मतं, ३६५ जागा. २०२४ मध्ये २३.७ टक्के मतं, १२१ जागा.

मजूर पक्षाची मतं जेमतेम दीड टक्क्याने वाढली, पण जागा दुप्पट झाल्या! हुजूर पक्षाची मतं जवळजवळ निम्मी झाली, पण जागा तर एक तृतीयांशच उरल्या. रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मतं मिळूनही फक्त ५ जागा मिळाल्या. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला त्याहून कमी, १२.२ टक्के मतं मिळाली, पण जागा मात्र ७२. कारण त्यांची मतं सगळीकडे विखुरलेली नव्हती. ती ठरावीक मतदारसंघांत एकत्र होती.

मी बाबांना हे सगळं सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हार मोठी आहे, पण मथळ्यात दिसते तेवढी नाही." मला वाटतं, याहून चांगलं उत्तर नाही. पुढच्या वेळी निकाल वाचताना तीन प्रश्न विचारा : जागा किती? मतं किती? आणि किती मतांच्या फरकाने?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. का, ते सांगतो.

माझी मराठी शाळा हेच आमच्या गावचं मतदान केंद्र होतं. मतदानाच्या दिवशी आम्हाला सुट्टी असायची. आजी नवी साडी नेसून मत द्यायला जायची आणि घरी आल्यावर शाई लावलेलं बोट सगळ्यांना दाखवायची. पण इथे आल्यावर, २०१९ च्या निवडणुकीत, मी घरी बसलो. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, म्हणजे मला इथे मत नाही, असं मी गृहीत धरलं होतं. कोणाला विचारलंसुद्धा नाही.

हे चूक होतं. भारत कॉमनवेल्थमधला देश आहे. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथे कायदेशीरपणे राहत असेल आणि त्याचं वय १८ पूर्ण असेल, तर त्याला ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. त्यासाठी मतदार यादीत नाव मात्र नोंदवावं लागतं. २०२४ मध्ये मी पहिल्यांदा गेलो. ओळखपत्र म्हणून तोच भारतीय पासपोर्ट दाखवला. मशीन नव्हतं, शाई नव्हती. एक कागद होता आणि एक पेन्सिल होती. मी फुली मारली. कोणासमोर, ते विचारू नका. मतदान गुप्त असतं!

आता शेवटचे दोन आकडे. वॉटफर्डहून लंडनकडे जाताना हेंडन लागतं. तिथे २०२४ मध्ये मजूर पक्षाचा उमेदवार फक्त १५ मतांनी जिंकला. आणि त्याच उन्हाळ्यात वायव्य मुंबईत लोकसभेला रवींद्र वायकर फक्त ४८ मतांनी जिंकले.

पंधरा मतं! आमच्या घरी गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात. त्यातल्या किती जणांची नावं मतदार यादीत असतील? मी या वर्षी प्रसाद वाटताना विचारणार आहे.

शब्दार्थ

मतदारसंघ : जिथले लोक मिळून एक खासदार निवडतात तो भाग
खासदार : संसदेत निवडून गेलेली व्यक्ती, एम.पी.
उमेदवार : निवडणुकीला उभी राहिलेली व्यक्ती
मतमोजणी : मतं मोजण्याचं काम
मथळा : बातमीच्या वरची मोठी ओळ, हेडलाइन
एक तृतीयांश : तीन समान भागांपैकी एक भाग
विखुरलेला : इकडे तिकडे पसरलेला
गृहीत धरणे : न विचारता, न तपासता खरं मानणे
ईशान्य, नैर्ऋत्य, वायव्य : उत्तर-पूर्व, दक्षिण-पश्चिम, उत्तर-पश्चिम

वाक्प्रचार : निवडणुकीची भाषा, लढाईची भाषा

पानिपत होणे : फार मोठा पराभव होणे. १७६१ मध्ये पानिपतच्या लढाईत मराठ्यांचा मोठा पराभव झाला, त्यावरून.
बालेकिल्ला : किल्ल्याचा सर्वांत उंच आणि सुरक्षित भाग. निवडणुकीत, एखादा पक्ष नेहमी जिंकतो ती जागा.
गड राखणे : आपली जागा हातातून जाऊ न देणे. उदा. हर्ट्समिअरमध्ये हुजूर पक्षाने गड राखला.

प्रश्न

१. २०१९ आणि २०२४ मध्ये हर्टफर्डशरमध्ये हुजूर पक्षाला किती जागा मिळाल्या?
२. ईशान्य हर्टफर्डशरच्या निकालाने लोकांना धक्का का बसला असेल?
३. रिफॉर्म पक्षाला लिबरल डेमोक्रॅटपेक्षा जास्त मतं, पण कमी जागा का मिळाल्या? दोन वाक्यांत सांगा.
४. लेखक २०१९ मध्ये घरी का बसला?
५. 'ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी' हा नियम तुम्हाला योग्य वाटतो का? वर्गात दोन गट करून चर्चा करा.

घरी करा

आजी-आजोबांना किंवा काका-मावशींना फोन करा. त्यांना विचारा, "तुम्ही पहिल्यांदा मत दिलंत तेव्हा काय झालं?" त्यांनी सांगितलेली गोष्ट आठ ओळींत लिहा. पक्षाचं नाव विचारू नका. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका!