ससा, काळू आणि वाऱ्याची रात्र



आजचं वाचन: लीळाचरित्र, एकांक. सशाची लीळा.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. श्रीचक्रधर स्वामी एकटेच रानात बसलेले असतात. पारध्यांची कुत्री एका सशाच्या मागे लागतात. ससा धावत येतो आणि थेट स्वामींच्या मांडीखाली शिरतो. मागून पारधी येतात आणि ससा मागतात. स्वामी नाही म्हणतात, कारण तो आश्रयाला आलेला आहे. पारधी निघून गेल्यावर स्वामी मांडी उचलतात आणि एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं आदराने त्याला जायला सांगतात. ससा जातो. संपली लीळा. जेमतेम पानभराची आहे.

ही लीळा मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. आजी सांगायची. पण मागच्या महिन्यात ती मला पहिल्यांदा टोचली, म्हणून आज तिच्याबद्दल लिहितोय.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी अमरावतीला घरी आलो होतो. पुण्यात नवा तंबू घेतलेला, तो एकदाही वापरला नव्हता. आधी मनात नरनाळा होता, अकोटच्या पुढचा. पण तो किल्ला मेळघाटच्या राखीव जंगलात येतो. तिथे आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही, आणि कुत्रा न्यायचा तर प्रश्नच नाही. (इन्स्टावर बघून असले बेत आखणाऱ्यांनी हे आधी वाचावं. मीही उशिराच वाचलं.) मग मोर्शीकडे मामाच्या शेतात जायचं ठरवलं. मामाची संत्र्याची बाग सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि बागेच्या वर त्यांचीच मुरमाड टेकडी. तिथून सालबर्डीचे डोंगर समोर दिसतात. परंपरा सांगते की रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंची भेट झाल्यावर स्वामी याच सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षं एकांतात राहिले. म्हणजे सशाची लीळा वाचायला याहून चांगली जागा कुठली!

बागेची राखण करणारा काळू माझ्यासोबत निघाला. मी बोलावलं नव्हतं, तो आपणहून मागे आला. निघताना मामा म्हणाले, "बाबू, रात्री त्याले बाहीर ठेवजो नको. बिबट माणसाच्या वाटी जात नाही, पण कुत्र्याले उचलून नेते." मी हो म्हटलं.

टेकडी चढताना, सोंगलेल्या तुरीच्या खुंटांमधून एक ससा उठला आणि काळू सुटला. आणि मी काय केलं? मोबाइल काढला. "छू काळू, छू!" म्हणत व्हिडिओ घेत राहिलो. ससा घाणेरीच्या झुडपात शिरला, काळू जीभ बाहेर काढून परत आला, आणि मी चक्क निराश झालो. क्लिप नीट आली नव्हती.

तंबू लावेपर्यंत अंधार पडला. वारा डोंगराकडून येत होता. मुरमात खुंट्या धरेनात, म्हणून दोऱ्यांवर दगड ठेवले. मग आत बसून, हेडटॉर्च लावून ही लीळा वाचायला घेतली. वाचता वाचता थांबलो. आजवर ही गोष्ट वाचताना मी स्वतःला नेहमी सशाच्या जागी ठेवत आलो होतो. संकटात सापडलेला भक्त, देवाच्या मांडीखाली सुरक्षित. परीक्षा, नोकरी, ब्रेकअप, प्रत्येक वेळी मी ससाच. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की गोष्टीत पारधीही आहेत, आणि दोन तासांपूर्वी मी त्यांच्या बाजूने ओरडत होतो.

इथपर्यंत ठीक होतं. असलं काही सुचलं की आपल्याला बरं वाटतं, आपण डायरीत लिहितो. मीही लिहिलं. आणि मग काळूला बाहेरच बांधून झोपलो.

कारण? तंबू नवा, स्लीपिंग बॅग नवी, काळूचे पाय चिखलाचे (बागेला पाणी चालू होतं), आणि अंगाला वास. मामांचं बोलणं आठवत होतं. पण "इतक्या वाऱ्यात कुठला बिबट येतोय" असं स्वतःला पटवलं. वारा वाढला. कापड फटफट वाजायला लागलं, एक बाजू पूर्ण आत दबायची आणि पुन्हा फुगायची. काळू कण्हायला लागला. मी कानात इयरफोन घातले. आणि त्यात काय लावलं होतं माहितीये? निरूपण. तेही शरणागतीवरचं.

तीनच्या सुमारास जाग आली. वारा तसाच, पण काळूचा आवाज नाही. चेन उघडून टॉर्च मारला. दोरी होती, गळपट्टा होता, काळू नव्हता.

ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. हाका मारत होतो, पण वारा हाक तोंडातून बाहेर पडल्या पडल्या उडवून नेत होता. टॉर्चचा उजेड उतारावर पंधरा-वीस पावलांपुढे जात नव्हता. खाली जायची हिंमत होत नव्हती. मामांना काय सांगू, हा विचार आधी आला, काळूचा नंतर. तेही कबूल करतो.

परत येऊन आत शिरताना पायाला काहीतरी गरम लागलं. तंबूच्या बाहेरच्या आणि आतल्या कापडात हातभर जागा असते, बूट ठेवायला. एका दोरीवरचा दगड सरकला होता, तिथून काळू आत शिरलेला. माझ्या बुटांवर अंग मुडपून, नाक शेपटीत घालून झोपला होता. म्हणजे मी कानात निरूपण लावून झोपलो होतो तेव्हा तो माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर, कापडापलीकडे होता. मी आसरा दिलेला नव्हता. त्याने तो घेतला होता.

आतलं कापड उघडलं. तो आत आला, बॅगेवर चिखल झाला, आणि उजाडेपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही.

तेव्हापासून मला ही लीळा आणि महाभारतातली युधिष्ठिराची गोष्ट शेजारी ठेवून वाचाविशी वाटते. महाप्रस्थानाच्या वाटेवर कुत्रा युधिष्ठिराच्या मागे मागे येतो. इंद्र म्हणतो रथात बस, पण कुत्रा सोड. युधिष्ठिर सोडत नाही. मग कळतं की तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म, आणि ही परीक्षा होती. गोष्ट थोरच आहे. पण तिच्यामुळे आपल्यासारख्यांना एक सवय लागते. समोरचा जीव म्हणजे आपली टेस्ट केस आहे आणि पास झालो की काहीतरी मिळणार, असं आपण धरून चालतो. सशाच्या लीळेत तसं काहीच नाही. ससा शेवटपर्यंत ससाच राहतो. तो देव निघत नाही, आभार मानत नाही, शिष्य होत नाही. रानात निघून जातो. तो कोण, कुठला, लायक आहे का, हे स्वामी विचारत नाहीत. मांडीखाली आला, एवढंच पुरतं.

म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून, आठवणी पारखून लीळाचरित्र जमवलं. एवढा सगळा प्रपंच, आणि त्यात त्यांनी एका सशाला जागा दिली. कुठल्याही चमत्काराशिवाय. मला हे फार मोठं वाटतं.

सकाळी खाली उतरलो. मामी चुलीवर चहा करत होत्या. मामांनी काळूकडे पाहिलं, मग माझ्या चिखलाच्या बॅगेकडे, आणि विचारलं, "मंग, कुठं झोपला हा?"

"आतच," मी म्हणालो.

मामा खुश झाले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून काळूला टाकला. खरं काय घडलं ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते हे वाचत नाहीत, पण त्यांची मुलगी वाचते, म्हणजे आज संध्याकाळपर्यंत कळेलच.

तो व्हिडिओ डिलीट केलाय. उद्या एकांकातलीच पुढची लीळा वाचू.