सलाईनवर लक्ष कसे ठेवावे?



जुलाब-उलट्यांची साथ आली, की शिरूर आणि दौंडच्या सरकारी दवाखान्यांत खाटेखाटेवर सलाईन लागते. मोठ्या इस्पितळात ते पंपावर चालवतात. पंप पाणी मोजून सोडतो, हवा आली किंवा नळी तुंबली की आवाज देतो. साध्या सलाईनला मोटर नसते. बाटली उंच टांगलेली असते, म्हणून पाणी आपोआप शिरेत उतरते. इथे आवाज देणारे यंत्र नाही. शेजारी बसलेल्या आपल्या माणसानेच डोळे उघडे ठेवायचे.

बाटलीखाली थेंबांची कुपी असते. ती साधारण अर्धी भरलेली असावी. त्याखालचा रोलर म्हणजे सलाईनचा नळ. हातात असते ते इंट्राकॅथ. ते बसवल्यावर सुई काढून घेतात, शिरेत फक्त मऊ नळी राहते. त्यामुळे घाबरू नये, पण ती ओढली जाऊ नये.

साध्या सेटचे बहुधा 20 थेंब म्हणजे 1 मिली. 500 मिलीची बाटली 4 तासांत द्यायची, तर मिनिटाला सुमारे 42 थेंब पडावेत. लहान मुलांच्या बारीक सेटचे 60 थेंब म्हणजे 1 मिली. "सिस्टर, मिनिटाला किती थेंब?" असे विचारा आणि घड्याळ लावून मोजा. हा आपला हक्क आहे.

लवकर घरी जायचे म्हणून रोलर सैल करू नका. पाणी एकदम गेले तर हृदय आणि फुप्फुसांवर ताण येतो, दम लागतो. बाटली हाताने दाबू नका, हवा शिरेत जाऊ शकते. गरज पडल्यास दाब देण्याचा हातपंप असतो, पण तो शिकलेल्या माणसानेच वापरायचा.

हात सुजला, आग झाली, थंडी वाजली, दम लागला, नळीत रक्त चढले किंवा बाटली संपत आली, तर लगेच सिस्टरला बोलवा.

आता "ताकदीच्या" सलाईनबद्दल. 500 मिली साध्या सलाईनमध्ये मीठ असते साडेचार ग्रॅम, एक चमचाही नाही. अशक्तपणा त्याने जात नाही, दिवसाची मजुरी मात्र जाते. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. ते पाजण्याचे काम बहुतेक नातेवाइकांनीच केले.

पेशंट पिऊ शकत असेल, तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. ग्लानी आली, लघवी बंद झाली, पोटात काहीच टिकेना, तर सलाईन लागतेच. तेव्हा वेळ न दवडता 108 ला फोन करा.

जुलाबाने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः आंघोळ घातली होती. आजाऱ्याजवळ जागे बसणे हासुद्धा धम्मच आहे.