गोधडीचा धावदोरा

मायबापहो, संस्कृतात जिला कंथा म्हणतात, तीच आपली गोधडी. मुलुंड-घाटकोपरच्या बिऱ्हाडांतून जुने लुगडे बोहारणीकडे जाते, हे आम्हांस बरे वाटत नाही.

धुऊन मऊ झालेल्या सुती नऊवारीचे थर अंथरावेत, सुरकुत्या काढाव्यात, लांब टाक्यांनी थर बांधावेत. मग कडेपासून आत धावदोरा घालीत मध्यावर यावे. टाका दाट हवा. विरलेल्या कापडाला बळ दोऱ्याचेच! टाके विरळ पडले, की धुताना थर सरकून गोळा होतात.

नामदेवराय (१२७०–१३५०) शिंप्यांच्या कुळातले. त्यांनी नामाचा दोरा धरला. आपला प्रपंचही जीर्णच, तो दोऱ्यानेच टिकायचा. आई गेली तरी तिच्या लुगड्याची ऊब लेकरावर राहते. तेव्हा माउलींनो, एक टाका, एक नाम. रामकृष्णहरि!