डोस

‘डोस’ हा शब्द इंग्रजी, पण आता तो आपल्या घरचाच झाला आहे. त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे. तिथे त्याचा अर्थ ‘देणे’ असा होतो. एका वेळी जेवढे औषध द्यायचे, तेवढा एक डोस. आपले वैद्य त्यालाच मात्रा म्हणतात.

पूर्वी दवाखान्यात पातळ औषध बाटलीत भरून मिळे. कंपाउंडर बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षर न येणाऱ्यालाही ते कळे. आता गोळ्या आल्या. खाचा गेल्या, आकडे आले. चिठ्ठीवर १-०-१ असे लिहिलेले असते. म्हणजे सकाळी एक गोळी, दुपारी नाही, रात्री एक. ०-०-१ म्हणजे फक्त रात्री.

लसीचाही डोस असतो. १६ जानेवारी २०२१ पासून देशात कोविडची लस देऊ लागले. तेव्हा ‘पहिला डोस’, ‘दुसरा डोस’ हे शब्द गावोगाव पोचले.

औषध नसतानाही आपण हा शब्द वापरतो. कोणी सारखा उपदेश करू लागला की म्हणतो, “पुरे झाले तुमचे उपदेशाचे डोस!” ‘मामांनी त्याला चांगला डोस पाजला’ म्हणजे त्याची कानउघाडणी केली. दुसऱ्याला छळणाऱ्यावर तीच पाळी आली, तर इंग्रज म्हणतो, ‘त्याला त्याच्याच औषधाचा डोस मिळाला.’ आपण म्हणतो, जशास तसे.

उपदेशाचा डोस अर्धा ऐकला तरी चालेल. औषधाचा मात्र पुरा घ्यावा. दोन दिवसांत बरे वाटते. मग माणूस म्हणतो, “आता गोळ्या कशाला?” क्षयरोगात हे फार घातक आहे. खोकला लवकर थांबतो, पण जंतू आत असतातच. म्हणून औषध साधारण सहा महिने तरी घ्यावे लागते. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. मध्येच सोडले तर उरलेले जंतू निर्ढावतात. मग त्यांच्यापुढे त्या औषधाची मात्रा चालत नाही.

जास्त घेणेही वाईट. तापाची पॅरासिटामॉल गोळी फार घेतली तर यकृत बिघडते. एखादा डोस चुकला, तर पुढच्या वेळी आपल्या मनाने दुप्पट घेऊ नका. डॉक्टरांना विचारा.

प्रश्न
१. १-१-१ याचा अर्थ काय?
२. बरे वाटले तरी क्षयाचे औषध का सोडू नये?
३. ‘डोस पाजणे’ हे शब्द घालून एक वाक्य लिहा.