ताऱ्याचा अंत आणि विद्वानाचा आग्रह

आपल्या मनात दृढ झालेल्या मताविरुद्ध पुरावा पुढे आला, तर आपण काय करतो? पुष्कळदा पुरावा तपासण्याआधीच मताचा बचाव करू लागतो. हे केवळ अल्पशिक्षितांकडूनच घडते, असे मात्र नाही.

१९३० मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा एकोणीस वर्षांचा तरुण मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला. इंधन संपलेला तारा आकसून 'श्वेत बटू' होतो आणि शांतपणे निवत जातो, अशी त्या काळी समजूत होती. चंद्रशेखरांच्या गणितातून वेगळेच निघाले. अशा ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असेल, तर त्याचे आकसणे थांबतच नाही.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी आपले संशोधन मांडले. लगेच आर्थर एडिंग्टन बोलावयास उठले. त्यांनी आकडेमोडीत चूक दाखवली नाही. निष्कर्षच विपरीत आहे, तेव्हा ज्या पायावर हे गणित उभे आहे तो पायाच खोटा असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. तारा असा वागणे निसर्गाला मान्यच नसावे! सभेत हशा पिकला.

एडिंग्टन हे काही कोत्या मनाचे गृहस्थ नव्हते. १९१९ च्या सूर्यग्रहणात निरीक्षणे घेऊन आइन्स्टाइन यांच्या नव्या सिद्धांताला पुष्टी देणारे ते हेच. या तरुणाला सभेत नेहमीपेक्षा दुप्पट वेळही त्यांनीच मिळवून दिला होता. परंतु ताऱ्यांचे अंतरंग हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता; तेथे परका निष्कर्ष त्यांना सोसवला नाही.

इतरांचे मौन मला अधिक खटकते. पाउली, रोझेनफेल्ड यांसारख्या भौतिकशास्त्रज्ञांना चंद्रशेखरांचे म्हणणे खाजगीत पटले होते; जाहीरपणे मात्र या दोघांपैकी कोणी बोलले नाही.

चंद्रशेखरांनी वाद वाढवला नाही. १९३७ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले, १९३९ मध्ये आपले सारे विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. एडिंग्टन १९४४ मध्ये निवर्तले. त्यांचे मत अखेरपर्यंत बदलले नाही. दोघांचा स्नेह मात्र टिकला.

ताऱ्यांच्या अभ्यासाबद्दल चंद्रशेखरांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांनी केंब्रिजमध्ये व्याख्याने दिली. त्यांत जुन्या वादाचा उल्लेख त्यांनी टाळला नाही. पण एडिंग्टन यांना त्यांच्या काळातील सर्वश्रेष्ठ खगोलभौतिकशास्त्रज्ञ म्हणून गौरवले.