सागाचे पान जाळीदार का होते?

पावसाळा सरत आला आहे. आपण रानाच्या वाटेने चाललो आहोत. गवत हिरवेगार आहे. पण डोंगरावरचा साग मात्र तांबूस, वाळका दिसतो. कोणी म्हणते, "साग करपला." कोणी म्हणते, "झाड मेलं. आता तोडून टाकावं."

थांबा! कुऱ्हाड घालण्याआधी एक पान हातात घ्या. उजेडाकडे धरून पाहा. पान चाळणीसारखे दिसते ना? बारीक शिरासुद्धा जागच्या जागी आहेत. मधला हिरवा गर तेवढा गेला आहे. हे काम एका लहान अळीचे.

पान नीट निरखा. कोठे तरी रेशमाचे बारीक जाळे दिसेल. त्याच्या आडोशाला बसून अळी गर खाते. मोठी झाली की ती कोश करते. कोशातून पतंग निघतो.

हा पतंग कसा ओळखावा? पंख पसरले तरी २ ते २॥ सेंटिमीटरच भरतो. रंग पिवळा. पुढच्या पंखांवर तांबूस, नागमोडी रेघा. खूण पक्की ध्यानात ठेवा.

सागाचा दुसराही एक पतंग आहे. तो मोठा. त्याचे पुढचे पंख करडे-तपकिरी. मागचे काळसर, त्यांवर नारिंगी पट्टे. त्याची अळी पहिल्या पावसानंतर कोवळी पाने खाते. बारीक शिराही ती सोडत नाही. जाड शिरा तेवढ्या उरतात. तिच्यापासून नुकसान मोठे. केरळात नीलंबूर येथे ४ ते ८ वर्षांच्या सागाची पाहणी झाली. या अळीपायी लाकडाची ४४ टक्के वाढ बुडाल्याचे दिसले.

जाळी करणारी अळी बहुधा उशिरा येते. तेव्हा पाने जून झालेली असतात. थोड्याच दिवसांत ती गळायचीच असतात. म्हणून मोठ्या झाडाला तिचा फारसा त्रास नाही. लहान रोपांवर मात्र नजर ठेवावी.

तरीही मनात शंका राहिली, तर काय करावे? एका कोवळ्या फांदीची साल नखाने जरा खरवडावी. आत ओले, हिरवे दिसले, तर फांदी जिवंत आहे. झाडाला पुन्हा पालवी फुटेल.

मग कुऱ्हाड खांद्यावरच राहू द्या. साग वाढायला कित्येक वर्षे लागतात, तोडायला घटकाभर पुरते. आधी पान पाहावे, मग बोलावे.